जंतू निर्ढावतात कसे?

गटाच्या बैठकीत आजारपणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जंतूंना औषधाची सवय झाली." पण सवय माणसाला होते, तशी जंतूला होते का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याचं उत्तर कसं सापडलं, ते आज सांगते.

सुरुवात टीबीपासून, म्हणजे क्षयरोगापासून करू. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं. पुढे ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९४८ साली ती छापून आली. ५५ रुग्णांना औषध दिलं होतं, ५२ जणांना फक्त अंथरुणात विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेणारे ४ दगावले, विश्रांतीवाले १४. मोठाच आनंद झाला. पण पुष्कळ रुग्णांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच वर्षांनी पाहिलं, तर औषधवाल्या ५५ पैकी ३२ आणि दुसऱ्या गटातल्या ५२ पैकी ३५ जण गेले होते. औषधाने मिळवलेलं बरंचसं हातचं गेलं.

असं का झालं, याचं उत्तर दुसरीकडे मिळत होतं. साल्वादोर लुरिया हे मूळचे इटलीचे, युद्धाच्या काळात अमेरिकेत आलेले. जंतूंना मारणारा एक विषाणू असतो, त्यावर ते काम करत. एका समारंभात त्यांचे सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकत होते. बहुतेक वेळा हाती काहीच येत नाही, मधेच एकदा घबाड लागतं. ते बघून लुरियांना युक्ती सुचली. पुष्कळ नळ्यांत एकाच जातीचे जंतू वेगवेगळे वाढवायचे आणि मग त्यांच्यावर विषाणू सोडायचा. विषाणू भेटल्यावर जंतू शिकत असतील, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचतील. तसं झालं नाही. काही नळ्यांत एकही वाचला नाही, काहींत ढीगभर वाचले. म्हणजे बदल आधीच, योगायोगाने झाला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे त्या जंतूची पिलावळ मोठी. मॅक्स डेलब्रुक यांनी याचं गणित मांडलं. हेही साल १९४३.

डोळ्यांनी दिसेल असा पुरावा १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने दिला, तोही मखमलीच्या कापडाने. जंतूंचे ठिपके वाढलेली बशी मखमलीवर दाबायची, मग त्याच मखमलीवर औषध घातलेल्या नव्या बश्या दाबायच्या. रांगोळीच्या छाप्यासारखी नक्षी जशीच्या तशी उमटते. प्रत्येक औषधी बशीत त्याच त्याच जागचे ठिपके जगले. पहिल्या बशीने तर औषध पाहिलंही नव्हतं! म्हणजे औषध जंतूला शिकवत नाही. आधीपासून वेगळा असलेला तेवढा मागे ठेवतं आणि बाकीचे मारतं. जोशुआंना १९५८ साली नोबेल मिळालं. एस्थरबाईंचं नाव त्यात नव्हतं.

हा योगायोग म्हणजे काय? जंतू वाढताना आपल्या डीएनएची नक्कल करतो. नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. ऑक्सिजन वापरताना पेशीत तिखट पदार्थ तयार होतात, त्यांनीही अक्षरं खराब होतात. जंतू दुरुस्ती करतो, पण काही चुका राहून जातात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

चुका किती होणार, हे जंतू कुठे आणि कसा वाढतो यावरही ठरतं. माकडांमधल्या झोपलेल्या टीबीचा अभ्यास २०११ साली छापून आला. जंतू फारसे वाढत नसतानाही त्यांच्यात बदल साठत होते, आणि त्या खुणा ऑक्सिजनच्या माऱ्याच्या वाटत होत्या. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर मँचेस्टरमध्ये काम झालं. २०१४ साली तिथे दिसलं की दाट गर्दीत बदल कमी होतात, विरळ वस्तीत जास्त. पुढे २०१७ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी हाच जंतू ऑक्सिजनशिवाय वाढवला. बदल घटण्याऐवजी वाढले, आणि त्यांची तऱ्हाही वेगळी निघाली. म्हणजे ऑक्सिजन असला की बदल जास्त, नसला की कमी, असा सरळ हिशोब नाही.

टीबीत हे सगळं आपल्या छातीत घडतं. फुप्फुसात पोकळी पडते, तिथे श्वासाची हवा पोचते, आणि टीबीच्या जंतूला ऑक्सिजन लागतोच. तो तिथे कोट्यवधींनी वाढतो. काही कोटींत एखादा जंतू एका औषधाला दाद न देणारा निघतोच. पण एकच जंतू दोन-तीन औषधांना एकदम पुरून उरेल, हे फारच दुर्मीळ. म्हणूनच १९५० च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनला पीएएस या दुसऱ्या औषधाची जोड दिली, आणि निर्ढावलेले जंतू निघण्याचं प्रमाण खूप खाली आलं.

आजही टीबीला एकत्र चार औषधं सुरू करतात ती यासाठीच. नेहमीच्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंगात बळ येतं. मग शेतातली कामं निघतात आणि गोळ्या फळीवर राहतात. मागे उरलेले जंतू तेव्हा पुन्हा वाढू लागतात. त्यांतले निर्ढावलेले पुढे घरातल्या लेकराकडे जातात, तेही निर्ढावलेलेच.

तेव्हा आपल्या गटात कुणी औषध घेत असेल, तर हप्त्याची चौकशी करता तशी गोळीचीही करा. "आज घेतलीस का गं?" एवढं विचारलं तरी पुरे.