अंकुशी रुपयावरची अक्षरे

नाणे जितके जुने तितके महाग, हा समज काही केल्या जात नाही. शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई आजही नाण्यांच्या बाजारात सहज मिळते. त्यांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ. अक्षरे दोन्हींवर तीच, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. धातूचा फरक आहेच, पण खरा फरक किती नाणी उरली याचा.

उर्दू शिकवतो म्हणून लोक माझ्याकडे फारसी अक्षरांची नाणी वाचायला आणतात. त्यात माझा आवडता पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया. त्यावर छोटासा अंकुश असतो आणि मजकूर फारसीत: दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव, टांकसाळीचे नाव 'मुहियाबाद पूना'. पेशव्यांच्या रुपयावर बादशहा पाहून काहींना धक्का बसतो, काहींना नको तितका आनंद होतो. मला दोघांचेही हसू येते. अहो, तो बाजाराचा व्यवहार होता! सराफ ओळखीचा रुपया पूर्ण भावाने घेई, अनोळखी किंवा जुन्या सालाच्या रुपयाला बट्टा लावी. ('नावाला बट्टा' हा शब्द आपण अजून वापरतोच.) कंपनी सरकारनेही बट्ट्याची कटकट टाळायला बंगालच्या रुपयावर शाह आलमचे १९ वे जुलूस साल कायमचे गोठवून टाकले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी कंपनीचे रुपये १८३५ पर्यंत त्याच्या नावाने पडत राहिले.

आता संग्राहक काय पाहतो? तेव्हा ठसा मोठा असे आणि चांदीची चकती लहान. हातोडा पडला की मजकुराचा एखादा तुकडाच उमटे, बाकीचा चकतीबाहेर. त्यामुळे साल आणि टांकसाळ दोन्ही पूर्ण वाचता येतील असा रुपया क्वचित हाती लागतो, आणि मोल त्यालाच. पुढे १८३५ मध्ये एकसारखा कंपनी रुपया आला. जुने रुपये हळूहळू मुशीत गेले.

जे वाचले, त्यांचे हाल घरोघरी होतात. कोणी चिंचेने घासून लख्ख करतो. संग्राहकाच्या लेखी तो रुपया तिथेच निम्मा गेला. कोणी माळेत ओवायला त्याला कडी डाखून घेतो, आणि नेमका डाख बसतो सालावर.