घाटाची पकड

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा घड्याळाशी पळतो. सांगली-साताऱ्याकडे सपाट रानात अनेक गाड्या एकदम सुटतात. इथे चढाच्या घाटात एकेक बारी सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो. अमेरिकेत जुन्या ताकदवान मोटारी पाव मैल सरळ पळवतात, तिथेही कोडे हेच. इंजिनाचा जोर कितीही असो, चाक जागीच फिरले तर तो वाया जातो. म्हणून मागच्या टायरमधली हवा थोडी कमी करतात. खुराचेही तसेच: कातळावर घसरतो, भुसभुशीत मातीत रुततो.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त मोकळ्या केल्या. प्रश्न बैलाच्या वेदनेचा होता. पराणी टोचून जोर वाढेल, पकड नाही. ती मातीच देते. म्हणून शर्यतीची खरी तयारी घाटापासून व्हावी.