काठी रोलमधली काठी

रोलच्या छोट्या दुकानात बसायला बाकडे असो वा नसो, पाटीवर ‘काठी रोल’ असतोच. हाती येतो तो कागदात गुंडाळलेला पराठा. मग काठी कुठे आहे?

उत्तर कोलकात्यात सापडते. न्यू मार्केटजवळच्या ‘निजाम’ या १९३२ पासूनच्या उपाहारगृहात लोखंडी सळईवर भाजलेले कबाब पराठ्यात गुंडाळून दिले जात. ही युक्ती कोणासाठी निघाली? घाईतल्या नोकरदारांसाठी, असे काही सांगतात. तेलकट कबाबाला बोट न लावणाऱ्या साहेबांसाठी, असे इतर. दोन्ही कथा चविष्ट, पुरावा एकीलाही नाही.

शब्दाची साक्ष अधिक भरवशाची. १९६४ च्या सुमारास जड सळयांच्या जागी बांबूच्या हलक्या काड्या आल्या. त्या मोठ्या संख्येने बाळगणे सोपे होते. बंगालीत अशा काडीला ‘काठि’ म्हणतात. (आपल्या काठीहून ती पुष्कळच बारीक!) म्हणजे पदार्थ आधीचा, नाव मागाहून आलेले. १९३२ सालीच ‘काठी रोल’ जन्मला असे लिहिणारे नेमके इथे घसरतात.

आज पुण्या-मुंबईत पनीरही तव्यावर परतून याच नावाने विकले जाते. त्याला काडीचा स्पर्शही झालेला नसतो.