उंबरखिंड आणि ‘गनिमी कावा’

‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगल हा शब्द मराठ्यांस उद्देशून योजीत. संज्ञेतच परपक्षाची दृष्टी असल्याने ‘गनिमी कावा’ म्हणजे निव्वळ कपट, असा समज दृढ झाला. तो तपासण्यास फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीचा प्रसंग पुरेसा आहे. शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला. अरण्यातील वाट इतकी अरुंद, की सैन्य लांबच लांब रांगेत ताणले गेले. पुढच्यास मागच्याचे साहाय्य होईना. शिवाजी महाराजांनी अग्र व पिछाडी दोन्ही रोधिली. संख्याधिक्य हाच खानाचा भार ठरला. अखेर रायबागनच्या सल्ल्याने (तिला ही स्थिती खानाआधी उमगली होती!) तो शरण आला, आणि खंडणी घेऊन महाराजांनी त्यास वाट दिली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हे सविस्तर आले आहे, केवळ काव्य म्हणून ते बाजूस सारणे उचित नव्हे.