पाकिटात काय निघालं?

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाला मेंदूचा टीबी झाला. सुरुवातीचे तीन आठवडे नुसतं डोकं दुखायचं आणि संध्याकाळी बारीक ताप यायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं खापर मोबाइलवर फोडलं. मग एका सकाळी तो मावशीला ओळखेना. पाठीच्या मणक्यातून सुई घालून पाणी काढलं, एमआरआय झाला, आणि टीबीची चार औषधं सुरू झाली. त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड.

मावशीनं अख्खं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलंय. वॉर्डबाहेरच्या बाकावर तिनं मला विचारलं, "स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते ना रे? मग अंगात जंतू असताना ते कसं देतात? हे कुणी ठरवलं?"

मी इंजिनिअर, म्हणजे घरातल्या मते मला सगळं शोधता येतं. रात्री सोबतीला थांबायचो तेव्हा शोधत बसलो. मावशीच्या प्रश्नाचं थेट उत्तर 2004 सालचं आहे आणि व्हिएतनाममधलं आहे. पण त्याची गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात, एका आजारी वैमानिकापासून.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल याला डॉक्टर व्हायचं होतं. त्याऐवजी तो ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात गेला आणि तिथे त्याला फुप्फुसाचा टीबी झाला. हा वाचणार नाही असं धरूनच त्याला घरी पाठवलं होतं. तेव्हा औषध नव्हतं. पडून राहायचं, आणि जमलं तर छातीत हवा भरून आजारी फुप्फुस दाबून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. हिल दोनेक वर्षं हॉस्पिटलात होता. वाचला, पण डॉक्टरकीचा नाद सोडावा लागला. मग अंथरुणावरूनच, पत्राद्वारे, त्यानं लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि वळणं घेत घेत संख्याशास्त्रात पोहोचला. पुढे टीबीच्या औषधाची परीक्षा कशी घ्यायची हे ज्यानं ठरवलं, तो स्वतः टीबीचा पेशंट होता.

परीक्षा घ्यायची गरज का पडली? कारण छातीचा टीबी लहरी आजार आहे. काही जण सहा महिन्यांत जायचे, काही काहीही न करता बरे व्हायचे. जो बरा झाला, तो शेवटचं जे घेत होता त्या गोष्टीला श्रेय मिळायचं. 1920च्या दशकात सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं अशीच गाजली. सॅनोक्रिसिन हे त्याचं नाव, डेन्मार्कहून आलेलं. अनेक डॉक्टर त्यावर खूश होते. मग अमेरिकेत अ‍ॅम्बरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 24 रुग्णांचे बारा-बारांचे दोन गट केले आणि कुठल्या गटाला सोनं द्यायचं ते नाणं उडवून ठरवलं. दुसऱ्या गटाला साध्या शुद्ध पाण्याची इंजेक्शनं. 1931 साली निकाल छापून आला: फायदा काही नाही, अपायच जास्त. इतकी वर्षं लोक विष टोचून घेत होते आणि वर आभारही मानत होते.

1943च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. (नोबेल मात्र 1952 साली त्याच्या गाइडला, वॅक्समनला मिळालं. पीएचडी करणारे मित्र इथे उसासा टाकतील.) टीबीच्या जंतूला खरोखर रोखणारं हे पहिलं औषध होतं. युद्धानं कंगाल झालेल्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हाती थोडासा साठा आला आणि प्रश्न उभा राहिला: कुणाला द्यायचं?

आधी मेंदूला. मेंदूच्या आवरणाचा टीबी झालेला माणूस तेव्हा मरायचाच. 'बहुतेक' नाही, जवळजवळ प्रत्येक. तिथे तुलनेसाठी औषधाशिवायचा गट ठेवायची गरजच नव्हती. निदान पक्कं असेल आणि एक जरी मूल सहा महिन्यांनी चालताना दिसलं, तरी ते औषधामुळेच. मुलं वाचली. सगळी नाही, आणि वाचलेल्यांनाही महिनोन्‌महिने मणक्यातून टोचून घ्यावं लागलं. काहींचं ऐकणं गेलं, कारण हे औषध कानाच्या आतल्या भागाला इजा करतं. पण वाचली.

छातीच्या टीबीचं तसं नव्हतं, आणि उरलेलं औषध सगळ्यांना पुरणार नव्हतं. हिलचं म्हणणं असं की औषध नाहीतरी बहुतेकांना मिळणार नाहीच. मग निदान ते अशा रीतीनं वाटू या की काहीतरी पक्कं कळेल.

मी एका शॉपिंग अ‍ॅपच्या टीममध्ये काम करतो. आमच्याकडे 'बटण हिरवं की केशरी' हे ठरवायला अर्ध्या लोकांना एक दाखवतात, अर्ध्यांना दुसरं. तुम्हालाही कुणी ना कुणी या आठवड्यात अशा एखाद्या गटात टाकलं असेलच. आमच्याकडे हे काम एक ओळीचं फंक्शन करतं. 1947च्या जानेवारीत ते काम कागदी पाकिटांनी केलं.

एक रुग्ण सोडून एकाला औषध, अशी सोपी पद्धत आधीपासून होती. तिच्यात गोम अशी की पुढचा नंबर कुठल्या गटाचा, हे डॉक्टरला आधीच माहीत असतं. समोर गोड, होतकरू पोरगी बसलीय आणि नंबर 'बिनऔषधा'चा आहे, तर डॉक्टर हळूच तिला एक जागा मागे सरकवणार. यात लबाडी नाही, दया आहे. पण त्या दयेनं गट बिघडतात. म्हणून हिलनं यादृच्छिक आकड्यांवरून चिठ्ठ्या तयार केल्या आणि पाकिटात बंद केल्या. पाकिटावर फक्त हॉस्पिटलचं नाव आणि क्रमांक. रुग्ण चाचणीसाठी पात्र आहे असं समितीनं ठरवल्यावरच पाकीट उघडायचं. आत एस निघालं तर स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती. सी निघालं तर नुसती विश्रांती.

सगळे तरुण होते, सुरुवातीला 15 ते 25 वयाचे. दोन्ही फुप्फुसांत वेगानं पसरणारा आजार, छातीत हवा भरण्याचा उपायही ज्यांना लागू नाही असे. 55 जणांना एस निघालं, 52 जणांना सी. एसवाल्यांना चार महिने रोज दोन ग्रॅम औषध, दर सहा तासांनी एक इंजेक्शन. एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना कुठली फिल्म कुठल्या गटातली ते सांगितलेलं नव्हतं. आणि सीवाल्यांना आपण सीवाले आहोत हे सांगितलेलं नव्हतं. आपण कुठल्या चाचणीत आहोत हेच हॉस्पिटलात असेपर्यंत त्यांना कळलं नाही. बहुतेकदा त्यांचे वॉर्डही वेगळे होते. माझ्या मावसभावाच्या वयाची 52 पोरं छताकडे बघत पडून होती, आणि नवं औषध त्याच चाचणीत दुसऱ्यांना टोचलं जात होतं.

सहा महिन्यांनी एसमधले 4 गेले होते, सीमधले 14. एक्स-रेमध्ये मोठी सुधारणा एसमध्ये 51 टक्क्यांना, सीमध्ये 8 टक्क्यांना. 30 ऑक्टोबर 1948च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अहवाल आला. यादृच्छिक चाचणीचा आरंभ म्हणून आज याचंच नाव घेतात. डांग्या खोकल्याच्या लशीची तशीच चाचणी त्याआधी सुरू झाली होती, पण तिचा अहवाल मागाहून आला.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात. मला त्या रात्री हादरवलं ते पाच वर्षांनंतरच्या आकड्यांनी. एसमधले 55पैकी 32 गेले होते, सीमधले 52पैकी 35. अंतर जवळजवळ मिटलं होतं. जंतू एकट्या औषधाला सरावले होते. आणि हा सराव चाचणीतच दिसला होता: रुग्ण आधी सुधारायचे, मग थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनासे व्हायचे. लगेच पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पीएएस या दुसऱ्या औषधाची जोड दिली आणि जंतूंचा सराव खूप कमी झाला. मावसभावाला एक नाही, चार औषधं का, याचं उत्तर त्या 32 जणांत आहे.

त्याच काळात '1984' लिहिणारा जॉर्ज ऑर्वेल स्कॉटलंडमध्ये छातीच्या टीबीनं आजारी होता. त्याला पाकिटाची गरज पडली नाही. ओळखीच्या बळावर अमेरिकेहून औषध मागवलं गेलं. त्याला ते इतकं बाधलं की कातडी सोलवटली, तोंड आलं, केस गळले; औषध बंद करावं लागलं. 1950च्या जानेवारीत तो गेला. वशिल्यानं औषध मिळतं, ते लागू पडेल याची हमी मिळत नाही.

आता सीवाल्यांच्या त्या विश्रांतीकडे येऊ. टीबी म्हणजे सॅनेटोरियम, हे समीकरण आपल्याकडेही पक्कं होतं. मिरजेजवळ वानलेसवाडीचं नाव आजही जुनी माणसं दबक्या आवाजात घेतात. पण भारतात रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. 1956 साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्सच्या देखरेखीखाली पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. 193 गरीब रुग्ण. सगळ्यांना तीच गोळ्यांची औषधं, एक वर्ष. काहींना सॅनेटोरियममध्ये, चांगलं जेवण आणि आराम. बाकीच्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात. 1959 साली निकाल आला: दोन्हींकडे बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं, आणि घरातल्या माणसांना होणारी लागणही वाढली नाही. औषध नियमित पोटात गेलं की खाट कुठे आहे यानं फार फरक पडत नव्हता. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडली त्यात या मद्रासच्या चाचणीचा मोठा हात आहे. हे मला शाळेत कुणी का शिकवलं नाही, कोण जाणे.

आणि मेंदू? तिथे गंमत झाली. औषध आल्यावर मेंदूचा टीबीही छातीसारखाच लहरी झाला: काही जण वाचायचे, काही नाही. मग तिथेही पाकिटं लागणारच होती. जंतू मेले तरी मेंदूभोवतीची सूज माणसाला मारते, म्हणून स्टेरॉइड द्यावं असं काही डॉक्टर 1950च्या दशकापासून म्हणत होते. नेमकी मावशीची शंका काढून दुसरे ते नाकारत होते. अर्धं शतक हे असंच चाललं. शेवटी व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरात 545 रुग्णांची चाचणी झाली. अर्ध्यांना डेक्सामेथासोन, अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. नऊ महिन्यांत स्टेरॉइडच्या गटातले 31.8 टक्के दगावले, दुसऱ्या गटातले 41.3 टक्के. जगलेल्यांमधलं अपंगत्व मात्र लक्षात येण्याइतकं कमी झालं नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय.

सकाळी चहा घेताना हे सगळं मावशीला सांगितलं. अपंगत्वाचं वाक्य गाळावं असं क्षणभर वाटलं होतं. गाळलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बावन्न पोरांच्या आयांनाही काही सांगितलं नसेल."

आत नर्सनं हाक मारली. मावशीनं कप बाकाखाली ठेवला आणि आठ वाजताच्या गोळ्या मोजायला उठली.