रुपयाचे चिन्ह आणि तिरकी रेघ

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे नवे चिन्ह मंजूर केले. ते पवईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचे: देवनागरी ‘र’ आणि दांडी नसलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात. मला ते पहिल्याच नजरेत आवडले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या आम्हा डीटीपीवाल्यांकडे लगेच मागणी सुरू झाली, दरपत्रकात नवे चिन्ह हवे.

पण संगणक आकार साठवत नाही, संकेतांक साठवतो. आणि या चिन्हाला संकेतांकच नव्हता. मंगळुरूच्या फोरेडियन कंपनीने घाईने एक फॉन्ट काढला. टॅबच्या वरच्या बटणावर जी बारीक तिरकी रेघ असते, तिच्या जागी त्यांनी रुपया बसवला. छपाईला हे पुरेसे होते, कागदावर आकार उतरला की काम झाले. वेबपानाचे तसे नसते. वाचणाऱ्याच्या यंत्रावर तो फॉन्ट नसला, की ब्राउझर मूळ अक्षरच दाखवी: `५००. गिऱ्हाइकाला वाटे, पडद्यावर धूळ बसली.

ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० आले आणि रुपयाला २०बी९ हा स्वतःचा संकेतांक मिळाला. गोंधळ मात्र लगेच मिटला नाही. संकेतांक असला तरी तो आकार फॉन्टात असावा लागतो. पानाच्या फॉन्टात नसेल तर ब्राउझर यंत्रावरचे इतर फॉन्ट धुंडाळतो, आणि प्रत्येकाची धुंडाळण्याची रीत वेगळी. त्यामुळे एकाच यंत्रावर एका ब्राउझरात रुपया दिसे आणि दुसऱ्यात रिकामा चौकोन. विंडोज ७ साठीचे अपडेट २०११ मध्ये आले. एक्सपीच्या जुन्या फॉन्टांत तर चिन्ह नव्हतेच. काहींनी चिन्हाऐवजी छोटे चित्र डकवले. मला ते कधीच पटले नाही: अक्षरे मोठी केली तरी चित्र तेवढेच राहते, शोधात सापडत नाही, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणाली तिथे अडखळते. त्यापेक्षा ‘रु.’ बरे, असे मी प्रत्येकाला सांगे.

त्या घाईच्या काळातली दरपत्रके अजून दुरुस्तीला येतात. त्यांतली तिरकी रेघ मी सरसकट बदलत नाही. इंग्रजी मजकुरात ती रेघ कधी अवतरणचिन्ह म्हणूनही आलेली असते, म्हणून पुढे आकडा आहे का ते पाहून एकेक रुपया हाताने बसवते.