बैलकुप्प्याचं कोठार

म्हैसूरहून कूर्गला निघालेली मराठी मंडळी बैलकुप्प्याला थांबतातच. गाडीवाला म्हणतो, गोल्डन टेंपल बघून घ्या, अर्धा तास. आपण सोनेरी मूर्तींपुढे फोटो काढतो, मोमो खातो आणि मडिकेरीच्या रस्त्याला लागतो. मीही दोनदा तसाच गेलो. तिसऱ्यांदा गेलो ते मात्र सेरा मठ बघायला. माझ्या धंद्यातला, म्हणजे कंपन्यांच्या आकडेवारीच्या कामातला, एक स्वस्त आणि शहाणा प्रयोग त्या मठात झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

उशिरा म्हणजे कधी, तर तोंडावर आपटल्यावर. कोल्हापूर भागातल्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. पंपांचे बिडाचे भाग ओतायचे आणि मशीनिंग करून पाठवायचे, हा त्यांचा धंदा. मालकांचा प्रश्न साधा होता: कुठल्या गिऱ्हाइकाच्या कामात पैसा सुटतो आणि कुठल्या कामात जातो? मी त्यांना महागडं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. पडद्यावर रंगीत आलेख नाचायला लागले. पण एकच भाग स्टोअरमध्ये एका नावाने होता, टॅलीत दुसऱ्या नावाने, आणि गाडी भरणारा माणूस तो ड्रॉइंग नंबरने लिहायचा. तीन नावं, म्हणजे संगणकाच्या लेखी तीन वस्तू. नफ्याचा आलेख सपशेल खोटा निघाला. मालक काही बोलले नाहीत. खणातली जुनी वही काढून ते पुन्हा तिच्यातच बघायला लागले. तो अबोला मला अजून आठवतो.

आता थोडं मागे जाऊ. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्द वाटतो तितका नवा नाही. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 साली याच नावाचा लेख लिहिला होता. योग्य माहिती योग्य माणसापर्यंत आपोआप पोचवणारी यंत्रणा, अशी त्यांची कल्पना होती. ‘डेटा वेअरहाऊस’चा आराखडा तीस वर्षांनी आला. 1988 मध्ये बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी आयबीएमच्याच नियतकालिकात तो मांडला. रोजच्या व्यवहाराच्या यंत्रणा वेगळ्या ठेवायच्या. त्यांतली माहिती वेचून, निवडून, एका मापाची करून वेगळ्या कोठारात भरायची. आणि प्रश्न विचारायचे ते त्या कोठाराला. आपल्याकडे पेवात धान्य भरण्याआधी ते वाळवतात, निवडतात. ओलं भरलं तर आतल्या आत सगळं कुजतं. कल्पना तीच.

फक्त ही पेवं त्या काळी बँकांना आणि मोठ्या दुकान-साखळ्यांनाच परवडायची. यंत्रं महाग, परवाने महाग, सल्लागार त्याहून महाग. (मी सल्लागारच आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.)

आणि साधारण त्याच सुमारास, 1987-88 कडे, बैलकुप्प्यात काय चाललं होतं?

तिबेटमधून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या म्हैसूर राज्याने इथे सुमारे 3,000 एकर जमीन दिली, ती 1960 नंतर. जंगल तोडून मका लावलेली ही वस्ती. ल्हासाजवळचं, 1419 साली स्थापन झालेलं सेरा हे विद्यापीठासारखं मठकेंद्र 1970 च्या सुमारास इथे नव्याने उभं राहिलं. पण ग्रंथांचं काय? लाकडी ठशांवर छापलेली लांबट पानं. काही आली, पुष्कळ मागे राहिली, काही जगभरच्या ग्रंथालयांत विखुरली. एक प्रत गेली की त्यातली माहितीही गेली.

तेव्हा ‘एशियन क्लासिक्स इनपुट प्रोजेक्ट’ सुरू झाला. पुढाकार मायकेल रोच या अमेरिकी भिक्षूचा, आणि टायपिंग सेराच्या ‘मे’ महाविद्यालयातल्या तिबेटी भिक्षूंचं. पहिली अडचण लिपीची. साध्या पीसीवर तिबेटी अक्षरं कशी आणायची? युनिकोडच्या 2.0 आवृत्तीत तिबेटी लिपी आली ती 1996 मध्ये. त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. सगळा मजकूर रोमन अक्षरांत, बहुतेक मोठ्या अक्षरांत, ठरलेल्या लिप्यंतर पद्धतीने टाईप करायचा. दिसायला अगदी रूक्ष. पण कुठलाही संगणक ती फाइल उघडू शकत होता, आणि आजही उघडतो.

इथे आपल्या मराठीची गोष्ट आठवते. त्याच दशकांत मराठी छापखान्यांनी आणि प्रकाशकांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे देखणे फॉन्ट घेतले. प्रत्येकाची आतली सांकेतिक मांडणी निराळी. आज त्यातली जुनी फाइल उघडली की पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसते. कितीतरी पुस्तकं त्यामुळे नव्याने टाईप करावी लागली. तेव्हा देखणेपणासाठी मोजले ते पैसे वेगळे, पुढे माहिती सोडवून घ्यायला मोजले ते वेगळे. हा दुसरा खर्च खरेदीच्या दिवशी कुणी धरत नाही.

दुसरी अडचण चुकांची. तिच्यावरचा उपाय मला सगळ्यात आवडतो. एकच मजकूर दोन जणांनी स्वतंत्रपणे टाईप करायचा. मग संगणकाने दोन्ही फाइली ताडायच्या आणि जिथे फरक असेल तिथे बोट ठेवायचं. दोघांनी नेमकी एकच चूक एकाच जागी करणं अवघड, त्यामुळे बहुतेक चुका सापडतात. त्यासाठी लागतात दोन माणसं आणि एक छोटासा प्रोग्रॅम.

तिसरी गोष्ट नावांची. फाइलच्या नावातच ग्रंथाची ओळख ठेवली. ‘टीडी’ म्हणजे देर्गे छापाचा तेंग्युर, ‘केएल’ म्हणजे ल्हासा छापाचा कांग्युर, पुढे सूचीतला क्रमांक. मजकुरातही मूळ पानाचा आकडा आणि बाजू: @1ए, @1बी. कुठलंही वाक्य उचला, ते कोणत्या पानाच्या कोणत्या बाजूवरून आलं ते सांगता येतं. आमच्या धंद्यात याला ‘लिनिएज’ म्हणतात आणि त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअरं विकतात!

तयार झालेला मजकूर फ्लॉपीवर, मग सीडीवर, पुढे इंटरनेटवर अभ्यासकांना खुला झाला.

कुणी म्हणेल, हे ग्रंथांचं झालं, धंद्याचं काय? मग आपल्याच वारणानगरला चला. 1998 मध्ये वारणा सहकारी संकुलाभोवतीच्या 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. सुमारे अडीच कोटींचा खर्च. निम्मा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, 10 टक्के वारणेचा. गावोगावी संगणक आले, शेतीची माहिती, इंटरनेट, बरीच स्वप्नं आली. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी नंतर पाहिलं, तर शेतकरी मुख्यतः ऊसाचंच विचारत होते: तोड कधी, वजन किती भरलं, बिल किती. एवढ्यासाठी संगणक, त्याची दुरुस्ती, त्याची वीज! मग सात गावांत त्यांनी एसएमएसवर तेच काम आठ महिने चालवून दाखवलं. कारखान्यातल्या संगणकाला एक फोन जोडला, गावातून मेसेज गेला की उत्तर यायचं. भागलं. प्रश्न कोणते विचारले जातात ते आधी पाहिलं, म्हणून खर्च कमी झाला. माझ्या मते ही पाहणी 1998 लाच व्हायला हवी होती.

पुढे यंत्रंही स्वस्त झाली. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस फुकट मिळायला लागले. 2012 च्या अखेरीस ॲमेझॉनने ‘रेडशिफ्ट’ जाहीर केलं, तेव्हा वर्षाला एका टेराबाइटमागे हजार डॉलरहून कमी, असा भाव सांगितला. पूर्वी एवढ्यात परवान्याच्या करारावरची शाईसुद्धा वाळली नसती. पण माझ्या त्या कारखान्याला याचा काय उपयोग होता? तिथे कोठाराची अडचण नव्हतीच. धान्यच ओलं होतं.

बैलकुप्प्याहून परतल्यावर मी त्या मालकांना फोन केला आणि एकदा फुकट काम करू द्या म्हटलं. महागडं सॉफ्टवेअर बंद केलं. प्रत्येक भागाला एकच क्रमांक दिला आणि तो ओतकामाच्या लाकडी पॅटर्नवरही रंगवला. स्टोअरमधली मोजणी दोन जणांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचा कागद न बघता. पहिल्या महिन्यात दोन याद्यांत इतके फरक निघाले की स्टोअरचे काका माझ्यावर चिडले. ते तीस वर्षं एकटेच मोजत होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच रॅकवर क्रमांकांच्या पट्ट्या लावल्या. जुन्या संगणकावर पोस्टग्रेस बसवलं, टॅलीतून आठवड्याला एकदा माहिती ओढली आणि दर सोमवारी एकच पान छापायला लागलो. त्यावर गिऱ्हाईक, माल, बाद झालेले नग आणि सुटलेला पैसा, बस्स.

त्यांच्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या एका भागात दर नगामागे तोटा होता, हे चौथ्या सोमवारी दिसलं. मालकांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं, मग खणातली वही काढली आणि शेजारी ठेवून दोन्हींवर बोट फिरवत एकेक ओळ ताडायला बसले.